'बाय ऑफ' : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि त्यामागील इतिहास

प्रास्ताविक

इंग्रजीतून मराठीत इतिहासलेखन करताना काही शब्द सहज ओलांडले जातात. 'बाय ऑफ' हे असेच एक क्रियापद आहे. कोशात त्याचा अर्थ 'लाच देऊन गप्प करणे' किंवा 'पैसे देऊन पिच्छा सोडविणे' असा आढळतो. वर्गात आणि भाषांतरात त्यातील पहिलाच अर्थ अधिक वापरला जातो. त्यामुळे दहाव्या शतकातील इंग्लंडच्या राजाने डेन आक्रमकांना दिलेली चांदी, अठराव्या शतकातील बंगालच्या नवाबाने नागपूरकर भोसल्यांना दिलेली चौथ आणि निवडणुकीतील उमेदवाराने माघारीसाठी घेतलेली रक्कम हे तिन्ही व्यवहार 'लाच' या एकाच शब्दाखाली येऊन बसतात. हे तिन्ही व्यवहार एकच आहेत काय, हा प्रश्न वरवर भाषेचा वाटला तरी तो वस्तुतः इतिहासाचा आहे. व्यवहाराला दिलेल्या नावातच त्याचा निवाडा दडलेला असतो.

प्रस्तुत निबंधात 'बाय ऑफ' या क्रियापदाचा अर्थ शब्दरचनेच्या अंगाने स्पष्ट करून, इंग्लंड, बंगाल आणि आयर्लंड येथील ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे त्याच्या वापराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) 'बाय ऑफ' आणि 'लाच देणे' यांतील अर्थभेद स्पष्ट करणे.
२) निवडक ऐतिहासिक प्रसंगांत हा भेद कसा दिसतो, याचा अभ्यास करणे.
३) या क्रियापदासाठी मराठीत उपलब्ध असलेल्या पर्यायांचा विचार करणे.

संशोधन पद्धती

या निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. शब्दार्थाच्या चर्चेत तुलनात्मक दृष्टिकोन स्वीकारला आहे.

शब्दार्थ आणि शब्दरचना

क्रियापद आणि त्याला जोडून येणारे अव्यय यांच्या संयोगातून इंग्रजीत नवा अर्थ निर्माण होतो. अशा रचनेला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. 'बाय' म्हणजे विकत घेणे. प्राचीन इंग्रजीत या धातूला मोल देऊन सोडविणे, असाही अर्थ होता. 'ऑफ' हे अव्यय दूर जाणे, तुटणे, थांबणे या भावाचे आहे. 'ड्राइव्ह ऑफ' म्हणजे हाकलून लावणे आणि 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेली गोष्ट रद्द करणे. तेव्हा 'बाय ऑफ' या रचनेत विकत घेतली जाते ती वस्तू नसते, सेवाही नसते. विकत घेतले जाते ते समोरच्याचे दूर जाणे, त्याचा विरोध थांबणे किंवा त्याचे मौन. हा अभावाचा सौदा आहे.

जवळच्या रचनांशी तुलना केली असता हा अर्थ अधिक उठून दिसतो. 'बाय ओव्हर' म्हणजे पैसे देऊन आपल्या बाजूला वळविणे. 'बाय आउट' म्हणजे एखाद्याचा हिस्सा घेऊन त्याला व्यवहारातून मोकळे करणे, किंवा रक्कम भरून बंधनातून सुटणे. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या दुसऱ्या भागात सैन्यभरतीतून सुटण्यासाठी दोन गावकरी बार्डोल्फच्या हाती पैसे ठेवतात. तो प्रसंग या प्रकारचा आहे. 'पे ऑफ' म्हणजे देणे फेडून टाकणे किंवा चाकराचा हिशेब चुकता करून त्याला रजा देणे. पुढे त्याला लाचेचाही अर्थ चिकटला.

याउलट 'ब्राइब' या शब्दाचा प्रवास निराळा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये तो भिकाऱ्याला दिलेल्या भाकरीच्या तुकड्याचा वाचक होता. चौदाव्या शतकातील इंग्रजीत त्याला चोरी व लुबाडणुकीचा अर्थ होता, आणि सोळाव्या शतकात तो कर्तव्यभ्रष्ट करण्यासाठी दिलेल्या देणगीसाठी रूढ झाला. मराठीतील 'लाच' हा शब्द संस्कृत 'लञ्चा' या शब्दापासून आला असून गुजराती व कन्नड भाषांतही त्याची रूपे आढळतात.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. लाच देण्यासाठी समोरच्या माणसावर कोणते तरी कर्तव्य असावे लागते. न्यायाधीश, कारकून, पहारेकरी हे कोणाला तरी बांधलेले असतात आणि ते बंधन सैल करण्यासाठी लाच दिली जाते. 'बाय ऑफ' करण्यासाठी समोरच्याजवळ कर्तव्य असण्याची गरज नाही. अडविण्याची किंवा उपद्रव देण्याची शक्ती असली म्हणजे पुरे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हे दोन विषय वेगवेगळ्या ठिकाणी येतात. अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार प्रशासनाच्या चर्चेत आहेत, तर प्रतिपक्षाला देण्याचा विचार साम, उपप्रदान, भेद आणि दंड या उपायांमध्ये आहे. पहिला विषय गुन्ह्याचा, दुसरा राजनीतीचा.

डेनगेल्ड : शत्रूची माघार आणि तिची वाढती किंमत

'बाय ऑफ' हे क्रियापद इंग्रजी इतिहासात ज्या प्रसंगाला सर्वाधिक लावले जाते, तो प्रसंग म्हणजे राजा एथेलरेडने डेन आक्रमकांना दिलेली चांदी. इ. स. ९९१ मध्ये मॉल्डनच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला. त्याच वर्षी कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याच्या सल्ल्याने आक्रमकांना १०,००० पौंड देण्यात आले. एका पौंडाची २४० चांदीची नाणी धरल्यास ही २४ लाख नाणी होतात. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या बखरवजा ग्रंथातील पुढील आकडे असे : ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००, १००७ मध्ये ३६,००० (काही प्रतींत ३०,०००) आणि १०१२ मध्ये ४८,००० पौंड. एकवीस वर्षांत रक्कम जवळजवळ पाचपट झाली. हे आकडे कितपत विश्वसनीय आहेत, याविषयी १९८० च्या दशकात एम. के. लॉसन व जॉन गिलिंगहॅम या इतिहासकारांत मोठा वाद झाला. परंतु रक्कम वाढत गेली, हा क्रॉनिकलचा मुख्य सूर आहे.

ही वाढ केवळ आक्रमकांच्या लोभामुळे झाली, असे म्हणणे पुरेसे नाही. तिचे कारण सौद्याच्या स्वरूपातच आहे. घोडा विकत घेतला की तो घेणाऱ्याच्या तबेल्यात येतो. शत्रूची गैरहजेरी विकत घेतली तर ती कोठे ठेवणार? ती विकणाऱ्याच्याच ताब्यात राहते आणि पुढल्या हंगामात तो ती पुन्हा विकू शकतो. शिवाय एकाने स्वीकारलेली रक्कम दुसऱ्या टोळीला बांधून घेत नाही.

या इतिहासात एक हृदयद्रावक प्रसंग आहे. १०११ मध्ये डेन सैन्याने कँटरबरी घेतले आणि आर्चबिशप एल्फहेआ याला कैद केले. स्वतःच्या सुटकेसाठी खंडणी देण्यास त्याने नकार दिला. आधीच पिळल्या गेलेल्या रयतेवर आणखी बोजा पडू नये, अशी त्याची भूमिका होती, असे परंपरा सांगते. १०१२ च्या एप्रिल महिन्यात, ४८,००० पौंड चुकते होत असतानाच, ग्रिनिच येथे मद्यधुंद सैनिकांनी त्याच्यावर हाडे व बैलांची मुंडकी फेकून त्याला ठार केले. राजाला जे मोल द्यावेसे वाटले, ते एका धर्मगुरूने स्वतःच्या प्राणासाठीही नाकारले. त्याच वर्षी डेन सरदार थॉर्केल ४५ जहाजांसह एथेलरेडच्या चाकरीत आला आणि त्याच्या आरमाराच्या खर्चासाठी नवा कर सुरू झाला. दूर जाण्यासाठी दिलेला पैसा आता जवळ राहण्यासाठी दिला जाऊ लागला. 'बाय ऑफ' आणि 'बाय ओव्हर' यांतील सीमा किती पुसट आहे, हे येथे दिसते. पुढे १०१३ मध्ये स्वेनने इंग्लंड जिंकले, आणि १०१६ मध्ये त्याचा पुत्र कनूट राजा झाला. १०१८ मध्ये कनूटने देशाकडून ७२,००० आणि लंडनकडून १०,५०० पौंड घेतले. परंतु ही रक्कम विजेत्या राजाने आपल्या सैन्याचा हिशेब चुकता करण्यासाठी घेतली होती. काटेकोर अर्थाने तो 'पे ऑफ' होता. तो एथेलरेडच्या देण्यांच्या पंक्तीत बसविणे योग्य नाही.

एथेलरेडला दोष देताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. इंग्लंडचा आदर्श राजा मानला गेलेला आल्फ्रेड यानेही ८७१ मध्ये डेन सैन्याशी तह केला होता आणि तोही पैसे देऊनच झाला असावा, असे बहुतेक इतिहासकार मानतात. क्रॉनिकलमध्ये मात्र त्याची नोंद 'शांतता केली' एवढीच आहे. आल्फ्रेडने मिळालेल्या अवधीत सैन्याची फेररचना केली, ८७८ मध्ये एडिंग्टन येथे विजय मिळविला आणि तटबंदीच्या नगरांची साखळी उभारली. एथेलरेडच्या काळातील क्रॉनिकलकार १०११ च्या नोंदीत तक्रार करतो ती पैसे दिल्याची नव्हे. वेळेवर पैसेही दिले नाहीत आणि लढाही दिला नाही, ही त्याची तक्रार आहे. म्हणजे समकालीन दृष्टीने दोष मोल देण्यात नव्हता, धोरणाच्या अभावात होता. डेनगेल्ड म्हणजे निव्वळ भ्याडपणा, ही प्रतिमा रुडयार्ड किपलिंगच्या 'डेन-गेल्ड' या कवितेने पक्की केली. ती १९११ मध्ये शालेय इतिहासाच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली होती.

घेणाऱ्याच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसत होता? स्वीडनमधील उपलँड प्रांतात यटरगार्डे येथील एका शिलालेखात उल्फ नावाच्या पुरुषाने इंग्लंडमध्ये तीन वेळा 'गेल्ड' घेतल्याचे अभिमानाने कोरले आहे. पहिली रक्कम टोस्टीने, दुसरी थॉर्केलने आणि तिसरी कनूटने दिली, असे तो लेख सांगतो. लाच घेतल्याचे कोणी स्मारकशिळेवर कोरून ठेवत नाही. उल्फच्या लेखी ती पराक्रमाची कमाई होती.

बंगाल : चौथ की 'बाय ऑफ'?

देणाऱ्याची भाषा एक आणि घेणाऱ्याची दुसरी, हे मराठ्यांच्या इतिहासात अधिक स्पष्ट होते. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या सैन्याने भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर स्वाऱ्या सुरू केल्या. या स्वाऱ्यांत बंगाली रयतेचे जे हाल झाले, त्यांचे वर्णन गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात आहे. 'बारगीर' या मराठी शब्दाचे 'बर्गी' हे रूप तेथे दहशतीचे प्रतीक बनले. मार्च १७४३ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने प्लासीजवळ बाळाजी बाजीराव पेशव्यांची भेट घेतली. शाहू छत्रपतींसाठी चौथ आणि पेशव्यांच्या फौजखर्चासाठी २२ लाख रुपये देण्याचे ठरले. बदल्यात पेशव्यांनी रघूजींना बंगालबाहेर काढावयाचे होते. पेशव्यांनी ते केलेही. परंतु त्याच वर्षी शाहूंच्या मध्यस्थीने पेशवे व भोसले यांच्यात समेट झाला, बंगाल-ओडिशाचा प्रदेश रघूजींच्या वाट्याला आला आणि अलीवर्दीचा सौदा फोल ठरला. मार्च १७४४ मध्ये त्याने भास्करपंतांना व त्यांच्या सरदारांना मानकरा येथे भेटीस बोलावून ठार करविले. त्यानेही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहाने वार्षिक १२ लाख रुपये चौथ ठरली, ओडिशाचा वसूल भोसल्यांकडे गेला आणि सुवर्णरेखा नदी ओलांडू नये, असे ठरले.

इंग्रजी ग्रंथांत याचे वर्णन अलीवर्दीने मराठ्यांना 'बाय ऑफ' केले, असे येते. मराठी पक्षाच्या दृष्टीने मात्र चौथ हा हक्क होता. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या बादशाही सनदा मिळाल्यापासून या हक्काला शाही मान्यतेचा आधार होता. बंगालवरील हक्क या सनदांतून निघत नव्हता हे खरे. तरी कल्पना तीच होती. नवाब देत होता तो नाइलाज, भोसले घेत होते ती वसुली आणि 'बर्गी'च्या वाटेवरील शेतकरी भोगत होता ती लूट. एकाच रकमेची ही तीन नावे आहेत. इतिहासकाराने यांतील एकच निवडल्यास उरलेले दोघे निबंधातून बाहेर पडतात.

एथेलरेडच्या तुलनेत १७५१ चा तह टिकला. येथे केवळ रक्कम ठरली नव्हती; सीमा ठरली होती, वार्षिक बांधणी होती आणि एक प्रदेश प्रत्यक्ष हस्तांतरित झाला होता. उपद्रव थांबविण्याच्या मोलाला तहाचे रूप मिळाले, की त्याचे आयुष्य वाढते.

पुढील प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध नाना फडणीस, निजाम, हैदर अली आणि नागपूरकर भोसले अशी आघाडी उभी राहिली. मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाजी सैन्यासह कटकपर्यंत आले. बंगालवर चाल करण्याचे काम त्यांच्याकडे होते. वॉरन हेस्टिंग्जने मोठी रक्कम देऊन ही स्वारी टाळली. कलकत्त्याच्या दृष्टीने तो 'बाय ऑफ'चा यशस्वी प्रयोग होता. पुण्याच्या दृष्टीने तो मित्रपक्षाचा विश्वासघात ठरतो, कारण मुधोजी कंपनीला बांधील नसले तरी आघाडीला बांधील होते. म्हणजे एकच कृती देणाऱ्याच्या संदर्भात 'बाय ऑफ' असते आणि तिसऱ्या पक्षाच्या संदर्भात लाच किंवा फितुरी ठरते. कर्तव्य कोणाप्रती होते, हे विचारल्याशिवाय शब्द ठरविता येत नाही. प्लासीच्या लढाईतील मीर जाफरबाबत ही अडचण नाही. तो नवाबाच्या फौजेचा बक्षी होता. त्याला 'बाय ओव्हर' केले गेले आणि त्याची कृती उघड फितुरीच होती.

आयर्लंड : विरोधाची भरपाई

शत्रूकडून प्रतिनिधीकडे वळल्यास या क्रियापदाचे आणखी एक रूप दिसते. जानेवारी १७९९ मध्ये ब्रिटनशी विलीनीकरणाचा प्रस्ताव आयरिश कॉमन्स सभागृहाने पाच मतांनी फेटाळला. वर्षभरात चित्र पालटले. फेब्रुवारी १८०० मध्ये तोच प्रस्ताव १५८ विरुद्ध ११५ मतांनी मान्य झाला आणि १ जानेवारी १८०१ पासून विलीनीकरण अमलात आले. या काळात आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट होता बंगालमध्ये कायमधारा पद्धती लागू करणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस, आणि मुख्य सचिव होता कॅसलरे. पदव्या, पदे व पेन्शने यांची खैरात झाली. जे ८४ मतदारसंघ रद्द होणार होते, त्यांच्या मालकांना प्रत्येकी १५,००० पौंड, म्हणजे एकूण १२ लाख ६० हजार पौंड भरपाई देण्यात आली. याखेरीज ३० हजार पौंडांहून अधिक गुप्त निधी बेकायदेशीरपणे वापरला गेल्याचे कागदपत्रांच्या आधारे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले.

येथे सूक्ष्म भेद करावा लागतो. मतदारसंघ ही त्या काळी मालमत्ता मानली जात होती. भरपाई कायद्याने दिली गेली आणि ती विलीनीकरणाच्या विरोधकांनाही मिळाली. म्हणून ती तांत्रिकदृष्ट्या लाच नव्हती. परंतु जागेच्या मोहाने मालकांचा विरोध तीव्र होऊ नये, हा तिचा हेतू स्पष्ट होता. गुप्त निधी आणि मतपालटासाठी दिलेली पदे ही मात्र लाचच होती. डेन सैन्याप्रमाणे येथे पुन्हा मागणी होण्याचा प्रश्न नव्हता, कारण विरोध करणारी संस्थाच या सौद्यात नाहीशी झाली. आयरिश राष्ट्रवादी स्मृतीत मात्र हा व्यवहार संपला नाही. 'संसद विकली गेली' ही भावना एकोणिसाव्या शतकभर टिकून राहिली.

कायद्यातील स्थान

इंग्लिश कॉमन लॉमध्ये चोरीचा माल परत घेऊन चोराविरुद्ध फिर्याद न करण्याचा सौदा हा गुन्हा होता. त्याला 'थेफ्टबोट' म्हणत. मौन विकत घेणे येथे दंडनीय ठरले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही गुन्हेगाराला वाचविण्यासाठी मोबदला घेणे व देणे हे स्वतंत्र गुन्हे केले गेले. लोकसेवकाच्या लाचेची व्याख्याही केवळ कृतीपुरती नव्हती. अधिकारातील कृती न करण्यासाठी घेतलेला मोबदलाही तीत समाविष्ट होता. १९२० मध्ये संहितेत निवडणुकीविषयक गुन्ह्यांचे प्रकरण घालण्यात आले. त्यात 'निवडणूक हक्का'च्या व्याख्येत उभे राहणे, उभे न राहणे, माघार घेणे, मत देणे व मत न देणे या सर्वांचा अंतर्भाव केला गेला. त्यामुळे माघारीसाठी दिलेला पैसाही लाच ठरला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. दुसरीकडे, तडजोडपात्र अपराधांत भरपाई घेऊन प्रकरण मिटविण्यास कायदा मोकळीक देतो. म्हणजे कायदाही सर्वच 'बाय ऑफ' एका मापाने मोजत नाही. जेथे विकले जाणारे मौन किंवा माघार ही समाजाची ठेव असते, तेथे तो गुन्हा मानतो. जेथे हानी व्यक्तीपुरती असते, तेथे तो समेट मानतो.

मराठी पर्यायांचा विचार

या क्रियापदासाठी मराठीत एकच शब्द नाही, ही उणीव मानण्याचे कारण नाही. शत्रूच्या संदर्भात 'खंडणी देऊन परत लावणे', विरोधकाच्या संदर्भात 'पैसे देऊन विरोध मोडणे', साक्षीदाराच्या संदर्भात 'तोंड बंद करणे', वादाच्या संदर्भात 'देऊन-घेऊन मिटविणे' असे नेमके पर्याय उपलब्ध आहेत. 'फोडणे' व 'फितविणे' ही क्रियापदे 'बाय ओव्हर'च्या अर्थाची आहेत. ती येथे वापरू नयेत. 'खंडणी' या शब्दाबाबतही सावधगिरी हवी. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो राजकीय देण्याचा वाचक आहे, तर आजच्या वृत्तपत्रांत तो गुन्ह्याचे नाव झाला आहे. जुन्या कागदातील खंडणी आजच्या अर्थाने वाचणारा विद्यार्थी नकळत निवाडा देऊन मोकळा होतो.

निष्कर्ष

१) लाचेच्या मुळाशी कर्तव्याचा भंग असतो, तर 'बाय ऑफ'च्या मुळाशी उपद्रवाची वा विरोधाची शक्ती असते. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण ती एक नव्हेत.

२) 'बाय ऑफ'मध्ये विकत घेतला जाणारा अभाव विकणाऱ्याच्याच हाती राहतो. म्हणून तह, सीमा किंवा संरक्षणाची तयारी यांची जोड नसल्यास किंमत वाढत जाते. एथेलरेडचा अनुभव आणि १७५१ चा तह यांतील फरक हेच दर्शवितो.

३) हे क्रियापद बहुधा देणाऱ्याच्या किंवा त्याच्या टीकाकाराच्या बाजूने बोलते. घेणारा त्यालाच हक्क, कमाई किंवा भरपाई म्हणतो. प्रत्यक्ष रक्कम ज्या रयतेकडून वसूल होते, तिचे नाव या क्रियापदात कोठेच नसते.

४) म्हणून इतिहासाच्या भाषांतरात व अध्यापनात 'बाय ऑफ'ला सरसकट 'लाच' हा प्रतिशब्द देऊ नये. कोणी दिले, कोणी घेतले, घेणारा कोणाला बांधील होता आणि पैसा कोणाच्या घरातून गेला, हे चार प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली की योग्य मराठी शब्द शोधणे फारसे अवघड राहत नाही.